किती आवळायचं?

सध्या आमच्या घरात एका पान्याचं फार कौतुक चाललंय. इतकं, की परवा शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या तर अण्णांनी त्यांनाही तो काढून दाखवला. त्याला स्वतःची लाल पेटी आहे, पेटीत झोपायला गादी आहे. बाकीचे पाने बिचारे जन्मभर गोणपाटात गुंडाळलेले. (ताई, हसू नकोस. तुझ्या भावाला आता पान्यावरही लिहावंसं वाटतं, हे मान्य.)

हा टॉर्क पाना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मूठ फिरवून दांड्यावर हवा तो आकडा लावायचा आणि नट आवळायला घ्यायचा. तेवढा पीळ बसला की हाताला हलका झटका लागतो आणि 'कट्' असा आवाज येतो. आवाज आला की थांबायचं. बस्स, एवढंच त्याचं काम. तो ताकद देत नाही, कुठे थांबायचं ते सांगतो.

असली वस्तू आमच्या घरात यायला तसा फार उशीर झाला. कारण अण्णा.

अण्णा इथल्या छत्रपती कारखान्यात मिल हाउसला फिटर होते. भवानीनगर म्हणजे मुळात कारखाना, मग बाकी सगळं. गव्हाणीत मोळी पडली की हंगाम सुरू. हवेत मळीचा वास, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरच्या रांगा, एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. हंगाम संपला की बाहेरच्यांना वाटतं कारखाना झोपला. फिटरचं खरं काम तेव्हा सुरू होतं. सगळ्या मिल उघडायच्या, रोलर काढायचे, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा सगळं आवळून ठेवायचं.

लहानपणी डबा द्यायला गेलो की मी ते बघत बसायचो. मनगटाएवढे बोल्ट. ते साध्या पान्याने आवळत नाहीत, त्यांचा घण मारायचा जाडजूड आखूड पाना वेगळा असतो. एकाने तो नटावर धरायचा, दुसऱ्याने घण घालायचा. सुरुवातीला आवाज बद्द येतो. नट बसत आला की तोच आवाज टणटणीत होतो. अण्णा म्हणायचे, "आवाज बदलला की हात थांबला पायजे. त्याच्या पुढं मारला तर बोल्ट ताणला, आधी थांबला तर नट सुटला." झालेल्या नटावर ते पिवळ्या पेंटची एक रेघ ओढायचे, नटावरून खाली पत्र्यापर्यंत. पुढे कधीही नुसत्या नजरेने कळतं. रेघ सरळ असेल तर नट जागेवर, रेघ तुटली असेल तर नट फिरला.

त्यामुळे आमच्या घरी 'किती आवळायचं' या प्रश्नाला कायम एकच उत्तर होतं. अण्णांना विचारा. गॅसच्या नळीची क्लिप असो, विहिरीवरच्या मोटरचा फ्लॅन्ज असो की गाडीचं चाक. ते पाना लावायचे, दोन बोटांनी बसवायचे, मग मनगटाने एक शेवटचा हिसका. झालं. तो नट पुढे ना सुटायचा, ना अडकायचा.

माझ्या मनगटात हे उतरलं नाही. मी बारामतीला ऑफिसात फायली सरकवणारा माणूस. काही वर्षांपूर्वी स्प्लेंडरचं ऑइल स्वतः बदलायची हौस आली. खालचा ड्रेन बोल्ट लावताना वाटलं, ऑइल गळायला नको, अजून थोडं आवळू. अजून थोडं. आणि मग ती भयंकर भावना, जी ज्याला आली त्यालाच कळेल. आवळता आवळता बोल्ट एकदम मऊ लागतो आणि नुसताच फिरत राहतो. आटे गेले! इंजिनाचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा. मऊ धातू हरला. नवीन आटे पाडून घ्यायला गाडी ढकलत न्यावी लागली. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त तो बोल्ट हातात घेऊन त्याला गुंडाळलेली अ‍ॅल्युमिनियमची तार त्यांनी नखाने सोडवली आणि माझ्या तळहातावर ठेवली. बोलले असते तर बरं झालं असतं.

असो. आता मूळ गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला. सौम्य होता, वेळेत दवाखान्यात पोचलो, बोलणं-चालणं सगळं परत आलं. डॉक्टर म्हणाले नशीबवान आहात, आणि ते खरंच होतं. फक्त उजव्या हाताची पकड थोडी गेली. चहाचा कप धरतात, सही करतात, भाकरी मोडतात. बाहेरच्याला कळणारही नाही. पाने पुन्हा हातात आले तेव्हा तर आम्हाला वाटलं, सुटलो.

गेल्या दिवाळीच्या आधी त्यांनी आमच्या जुन्या वॅगन-आरची चाकं अदलाबदल केली, पुढची मागे, मागची पुढे. दर दहा हजार किलोमीटरला ते हे करतात. मी म्हटलं मदत करतो, तर मला जॅक धरायला ठेवलं. नट त्यांनीच आवळले.

चार-पाच दिवसांनी मी आणि लेक बारामतीला निघालो होतो, तिच्यासाठी कपडे घ्यायला. संध्याकाळची वेळ. काटेवाडीच्या अलीकडे पुढून 'ठक ठक ठक' असा आवाज यायला लागला, स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. वाटलं टायरमध्ये दगड अडकला. गाडी कडेला घेतली, अंधुक उजेडात चाकाची टोपी काढली आणि पहिल्याच नटाला हात लावला तर तो बोटांनी फिरला.

बोटांनी. चारपैकी दोन नट तसेच. उरलेले दोन कसेबसे धरून होते.

लेक गाडीत बसून गाणं म्हणत होती. बाजूने उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. मी डिकीतून पाना काढला, चारही नट आवळले, मग भरवसा वाटेना म्हणून पान्यावर पाय देऊन उभा राहिलो, प्रत्येक नटावर. बाकीच्या तीन चाकांनाही तेच केलं. मग दहा मिनिटं नुसता गाडीला टेकून उभा होतो. लेक विचारत होती, "बाबा, काय झालं?" म्हटलं, "काही नाही, दगड होता."

घरीही तेच सांगितलं. दगड होता.

अण्णांना कसं सांगायचं? ज्या माणसाची सगळी इज्जत एका मनगटात, त्याला 'तुमचं मनगट आता खरं सांगत नाही' हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि नाही सांगावं तर पुढच्या वेळी काय? ते परत चाक उघडणारच. गाडीची किल्ली लपवू? 'आता तुम्ही राहू द्या' म्हणू? ते वाक्य मी मनात बऱ्याचदा म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी ते वाईटच ऐकू आलं.

मग टॉर्क पान्याची आठवण झाली. गाडीच्या पुस्तकात बघितलं. चाकाच्या नटांसाठी ८५ न्यूटन-मीटर. साधा हिशोब आहे. डिकीतला पाना साधारण ३० सेंटिमीटरचा. त्याच्या टोकावर २९ किलोचा भार दिला की ८५ होतात. आणि मी काय केलं होतं? माझं सत्तर किलोचं धूड त्याच्यावर उभं केलं होतं. म्हणजे २०६ च्या आसपास, हव्या त्याच्या जवळपास अडीचपट. अण्णांचे नट सैल होते आणि माझे भयंकर घट्ट. दोघंही चुकलेलो, आपापल्या बाजूने. हे लक्षात आलं आणि मला एकदम बरं वाटलं. कारण मला निमित्त सापडलं होतं. पाना माझ्यासाठी आणायचा!

तर आणताना जे कळलं ते इथे लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडलं तर पडलं.

पहिली गोष्ट म्हणजे एकाच पान्यात सगळं होत नाही. चाकाच्या नटाला ८५ लागतात, तर मोटरसायकलचा १० मिलिमीटर आट्याचा स्पार्क प्लग अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये १० ते १२ लाच बसतो. 'कट्' आवाजाचे पाने त्यांच्या कमाल आकड्याच्या खालच्या वीस टक्क्यांत भरवशाचे नसतात. म्हणजे २०० चा पाना ४० च्या खाली वापरू नये. म्हणून गाडीसाठी अर्धा इंची चौकोनाचा मोठा आणि बारीक कामाला पाव इंचीचा छोटा, असे दोन लागतात. मी आधी मोठा घेतला. साडेतीन हजारांना पडला.

दुसरं म्हणजे प्रकार. सगळ्यात स्वस्त आणि सरळमार्गी म्हणजे काटेवाला. दांडा वाकतो, काटा सरळ राहतो आणि पट्टीवर आकडा दाखवतो. त्यात बिघडण्यासारखं काही नाही. फक्त काट्यासमोर डोळा आणावा लागतो आणि गाडीखाली आडवं पडून ते जमत नाही. 'कट्'वाल्याला डोळे लागत नाहीत, नुसता हात आणि कान पुरतो. डिजिटलही मिळतात, पण त्यांना सेल लागतात, आणि आमच्या घरी सेल टीव्हीच्या रिमोटलाही पुरत नाहीत. कान म्हटल्यावर माझं ठरलंच. जन्मभर आवाजावर नट बसवलेल्या माणसाला आवाज करणाराच पाना हवा.

तिसरं, एकक नीट बघा. आपल्या नव्या पुस्तकांत न्यूटन-मीटर असतं, जुन्या पुस्तकांत किलो-मीटर, आणि पान्यावर बरेचदा फूट-पाउंडाचीही पट्टी असते. ८५ न्यूटन-मीटर म्हणजे साधारण पावणेनऊ किलो-मीटर किंवा ६३ फूट-पाउंड. चुकून फूट-पाउंडाच्या पट्टीवर ८५ लावलं तर नट ११५ ला आवळला जाईल.

चौथं, सोबत तपासणीचा कागद असावा. आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे असल्या मोठ्या पान्यात चार टक्के इकडे-तिकडे चालतं, आणि ५००० वेळा वापर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा तो पुन्हा तपासून घ्यायचा. घरी कोण ५००० नट आवळतंय म्हणा.

पेटी घरी आणली आणि ठरल्याप्रमाणे बोललो, "अण्णा, माझ्या हाताला अंदाज नाही. स्प्लेंडरचं आठवतंय ना? म्हणून हे आणलं."

त्यांनी पाना हातात घेऊन तोलला. "हा खरं बोलतो कशावरनं?"

आता आला का प्रश्न! मी कागद दाखवला. त्यांनी तो बाजूला ठेवला. "कागद छापता येतो. काट्यावर घालून बघू."

मग आमच्या अंगणात जे झालं ते बघायला निम्मी गल्ली जमली. अण्णांनी पान्याचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये पकडलं, दांडा जमिनीला समांतर आडवा. आकडा लावला ५०. मुठीच्या मधोमध, टोकापासून मोजून ४५ सेंटिमीटरवर, तारेने बादली अडकवली. आणि त्या बादलीत साखर ओतायला सुरुवात केली. कारखान्याची साखर, दुसरं काय! भवानीनगरच्या घरात वजन म्हणून हाताशी दुसरं काय असणार? अण्णा वाटी-वाटीने ओततायत, बायको पिशवी धरून उभी, लेक कान लावून बसलेली. आणि एकदम 'कट्'! लेकीने टाळ्या वाजवल्या.

बादलीसकट साखर दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नेली. १०.८ किलो. मी मोबाइलवर हिशोब केला, तर जेमतेम ४७.७ न्यूटन-मीटर भरले. लावले होते ५०. माझा चेहरा पडला. साडेतीन हजार पाण्यात.

अण्णा म्हणाले, "आरं, पान्याचं स्वतःचं वजन धरलंस का?"

नव्हतं धरलं. पाना १.३ किलोचा. बोटावर तोलून बघितला तर टोकापासून २० सेंटिमीटरवर समतोल राहत होता. म्हणजे तो स्वतःच आणखी अडीच न्यूटन-मीटर देत होता. एकूण ५०.२. अण्णांनी पहिल्यांदा त्या पान्याकडे जरा आदराने बघितलं. "खरा आहे," म्हणाले. (इथून जवळच, जंक्शनला वळलं की वालचंदनगर. तिथे इस्रोच्या रॉकेटसाठी मोटरची आवरणं घडवली गेली आहेत. त्यांच्या तपासण्या वेगळ्या असणार. आमची साखरेवर झाली.)

त्या दिवशी सगळे पांगल्यावर मी आत गेलो होतो. बाहेर आलो तर अण्णा गाडीपाशी पाटावर बसलेले. पुढच्या डाव्या चाकाची टोपी काढलेली, चारही नट सैल करून त्यांनी स्वतःच्या साध्या पान्याने पुन्हा आवळले होते. मला म्हणाले, "माझ्या हिशोबानं बसलेत. आता तुझा लाव. ८५ वर."

मी लावला. 'कट्' यायच्या आधी नट चांगला पाव फेरा फिरला. दुसरा, तसाच. तिसऱ्याला मीच थांबलो.

"चौथा पण बघ," ते म्हणाले. बघितला.

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग त्यांनी चाकाकडे बोट दाखवलं. "हितं रेघा होत्या."

मी वाकून बघितलं. नटांवर आणि खाली रिमवर पिवळ्या पेंटच्या पुसट रेघा. त्या संध्याकाळी अंधारात, घाईत, मला त्या दिसल्याच नव्हत्या.

"दिवाळीला गाडी धुतली तवा बघितल्या. चारी चाकांच्या रेघा पुढं गेलेल्या. एवढा पुढं पायच जातो, हात नाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "दगड नव्हता ना?"

"नव्हता."

"पोरगी गाडीत होती."

"हो."

एवढंच झालं. ते मग बराच वेळ उजव्या हाताची बोटं उघडत-मिटत बसले होते. मी शेजारी बसलो. सांगावंसं वाटत होतं बरंच, सुचलं काहीच नाही. दिवाळीपासून त्यांना माहीत होतं आणि मला वाटत होतं मी त्यांच्यापासून लपवतोय. दोघंही एकमेकांना जपत होतो, आणि मधल्या काळात गाडी मात्र माझ्या अडीचपट आवळलेल्या नटांवर फिरत होती.

मग ते उठले आणि म्हणाले, "आण हिकडं. कुठं धरायचा असतो?"

आता चाकाचं काम तेच करतात. हा पाना लांब आहे. ४५ सेंटिमीटरवर धरला की ८५ साठी १९ किलोचाच जोर लागतो, तो दोन्ही हातांनी सहज येतो. मी फक्त पुस्तकातला आकडा वाचून दाखवतो. त्यांनी पाना वापरायचे नियम भिंतीवर खडूने लिहून ठेवलेत, ते असे:

मूठ मधोमध धरायची, पाइप घालून लांब करायचा नाही. सावकाश ओढायचं, हिसका द्यायचा नाही. समोरासमोरचे नट आधी. 'कट्' एकदाच, पुन्हा कटकट करायची नाही. नट सैल करायला हा पाना वापरायचा नाही. काम झालं की आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग ताणात राहून थकते. चाक लावल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचं.

एका बाबतीत आमचं भांडण झालं. चाकाच्या बोल्टांना ग्रीस लावायची त्यांची जुनी सवय, गंज धरू नये म्हणून. पण नट आवळताना आपला बहुतेक जोर घर्षणातच जातो, ढोबळमानाने दहातला एकच भाग बोल्ट ताणायला उरतो. ग्रीस लावलं की घर्षण घटतं आणि त्याच ८५ ला बोल्ट फार जास्त ताणला जातो. पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांचा आहे. दोन दिवस वाद चालला. शेवटी तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे, ग्रीस नाही, यावर तह झाला. आवाज बदलल्यावर थांबणारा माणूस आहे, हेही समजून घेतलं त्यांनी.

हे सगळं लिहू का, म्हणून मी त्यांना विचारलं. नातेवाईक वाचतात, आत्या वाचते, उगीच कुणी फोन करून हळहळायला नको. ते म्हणाले, "लिही की. पण साखर वाया गेली नाय, परत डब्यात भरली, ते पण लिही. नायतर तुझी आत्या तेवढंच इचारंल."

तर आत्या, साखर परत डब्यात भरली. आणि काल पुन्हा चाकं अदलाबदल झाली. सोळाच्या सोळा नट अण्णांनी लावले, 'कट्' ऐकायला लेक शेजारी बसली होती. सगळं झाल्यावर त्यांनी खिशातून पेंटची बाटली काढली आणि प्रत्येक नटावर पिवळी रेघ ओढली.

म्हटलं, "अण्णा, आता पान्याने मोजलंय की. रेघ कशाला?"

म्हणाले, "पाना आज सांगतो. उद्याचं रेघ सांगती."